दोनदा दाबायचा ब्रेक

चंद्रकांताने ब्रेकवर पाय दिला, तो सरळ तळाला गेला. तिने पाय उचलून पुन्हा दाबला, तेव्हा कुठे मोटार भंडाऱ्याला लायसनच्या परीक्षेच्या मैदानावर चिंचेखाली थांबली. शेजारी बसलेल्या ड्रायव्हर नत्थूने मोकळा श्वास सोडला. मागच्या सीटवरून तिचे यजमान टिकाराम उतरले आणि लाडक्या गोऱ्ह्याच्या पाठीवरून फिरवावा तसा मोटारीच्या टपावरून हात फिरवू लागले.

टिकारामांची मोहाडीला धानाची गिरणी. गेल्या दिवाळीत त्यांनी कोरी मोटार घेतली खरी, पण एका डोळ्याने अधू, म्हणून लायसन काही मिळेना. नत्थू पोळ्यानंतर नोकरी सोडून भिलाईला निघालेला. तेव्हा चंद्रकांता हट्टाने तलावाच्या पाळीवरच्या रस्त्यावर गाडी शिकली. सासूबाई पार्वताबाईंनी परवानगी दिली ती एका अटीवर. परीक्षेची खेप एकच. नापास झालीस तर पुन्हा स्टेअरिंगला हात लावायचा नाही. पार्वताबाईंचा शब्द घरात कुणी खाली पडू दिलेला नव्हता.

आता हा ब्रेक. चैत्रात कंपनीचा माणूस नागपूरहून मुद्दाम घरी आला होता. या खेपेच्या सगळ्या गाड्यांच्या ब्रेकमधलं रबर कच्चं निघालं, गाडी दुकानात परत आणा, फुकट बदलून देतो, म्हणाला. टिकारामांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. नवी गाडी दुकानात परत गेली म्हणजे हप्ते थकून जप्तच झाली, एवढं मोहाडीत शेंबडं पोरही जाणतं.

"लोकं म्हणतीन, टिकारामची गाडी वापस गेली," ते म्हणाले होते. "दोनदा दाबत जा ना. काय बिघडते?"

तेव्हापासून त्या घरात ब्रेक दोनदा दाबायची रीतच पडली.

परीक्षा घेणारे साहेब नत्थूच्या जागी येऊन बसले.

"फाटकातून बाहेर घ्या. मी टाळी वाजवली की जागच्या जागी थांबायचं."

फाटकाबाहेर शाळा नुकतीच सुटली होती. रस्ताभर पोरंच पोरं. चंद्रकांताने त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिला भीती वाटली, त्याहून जास्त राग आला. तिने किल्ली फिरवली नाही.

"साहेब, ह्या गाडीचा ब्रेक एका दाबात लागत नाही. कंपनीनं गाडी वापस बोलावली आहे."

टिकाराम खिडकीशी वाकले. "काहून सांगून राहिली तू?"

साहेबांनी तिला उतरवलं, स्वतः ब्रेक दाबून पाहिला आणि तेही उतरले.

"ही गाडी इथून हलायची नाही. मी कंपनीला फोन करतो, मिस्त्री येऊन रबर बदलेल. आणि बाई, परीक्षेला आपली गाडी आणायची ती धड आणायची. पुढच्या महिन्यात या."

पुढचा महिना सासूबाईंच्या हिशेबात नव्हताच. चूक नसताना हरल्यासारखं चंद्रकांताला वाटलं.

वरठी स्टेशनवर टॅक्सी चालवणारा हिरालाल आपली जुनी मोटार तपासून घ्यायला आला होता. तो चिंचेखालून पुढे आला.

"साहेब, माही गाडी तं आताच पास केली तुमी. मालक राजी असला तं चालते ना? बाईले घेऊ द्या."

साहेबांनी क्षणभर नियम आठवून पाहिला. "चालेल."

त्या गाडीची सीट टोचत होती आणि गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला होता. हिरालालने तो टाकून दाखवला. चंद्रकांताने पदर खोचला आणि गाडी हळूच फाटकाबाहेर काढली. पुढे गेलेली पोरं अजून दूर होती तोच टाळी वाजली. सवयीचा पाय पूर्ण जोराने पडला, ब्रेक पहिल्याच दाबात लागला, आणि साहेबांची टोपी उडून तिच्या मांडीवर आली.

"माफ करा, साहेब," टोपी परत देत ती म्हणाली. "असा ब्रेक कधी पायाखाली आलाच नव्हता."

साहेब हसले. "टाळीचा आवाज विरायच्या आत थांबलात. आता मैदानात दगडांमधून आठचा आकडा काढा."

तिने एकही दगड न हलवता आठ काढला. एकदा काढून पोट भरलं नाही, म्हणून न सांगता दुसऱ्यांदा काढला.

नत्थूला गाडीजवळ ठेवून दोघं एसटीने परतली. मोहाडीच्या स्टँडवर पानठेल्यावरच्या माना वळल्या.

"गाडी वापस गेली का, टिकारामजी?"

टिकारामांची मान खाली गेली. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती ताठ चालत होती, तिच्या चेहऱ्यावरचं हसू लपत नव्हतं.

"हो, गेली," ते गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाले. "ब्रेक खराब होता. बायकोनं साहेबाच्या तोंडावर सांगतलं. अन् दुसऱ्याची गाडी चालवून पास होऊन आली."

घरी पोचेपर्यंत हे त्यांनी आणखी दोघातिघांना सांगितलं. दर खेपेला हिरालालची गाडी जास्तच जुनी होत गेली.

दिवेलागणीला सराफ वासुदेवराव आले. गावात तशीच दुसरी मोटार होती ती त्यांची. ओसरीवर बसून त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "आमची बी दोनदा दाबाव लागते. चैतापासून."

"मिस्त्री भंडाऱ्याले येऊन राहिला, भाऊजी. तुमच्या दारी पाठवाले सांगू."

"अंधार पडल्यावर येईल का तो?"

"नाही. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी बोलावू."

वासुदेवरावांनी आशेने टिकारामांकडे पाहिलं.

"मले काय विचारता?" टिकाराम म्हणाले. "लायसन तिचं आहे."