ओर्सोला दाईची खुर्ची

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला हसू येईल. माझ्या बैठकीला पुढून अर्धगोल खाच आहे आणि सध्या माझ्यावर कोंबड्या बसतात. पण मी बाळंतिणीची खुर्ची आहे. इटलीतल्या पिएमोंतच्या डोंगरात एका सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवले, तेही आपल्या सुनेसाठी. ती सून म्हणजे ओर्सोला दाई. मला पाठीवर घेऊन ती घरोघरी जायची. आमच्या खोऱ्यातली किती तरी माणसे माझ्यावरच जन्मली. "ओर्सोला आली, आता घोर मिटला," असे बायका म्हणायच्या आणि मला उगीचच अभिमान वाटायचा.

मग एका हिवाळ्यात शिपाई आले आणि तिला व मला घेऊन गेले. गिरणीमालक गास्ताल्दी यांच्या मोलकरणीचे, देल्फिनाचे, पोट पडले होते. "ओर्सोलाने औषध देऊन ते पाडले," अशी साक्ष देल्फिनाने दिली. ओर्सोलाला तुरुंगवास झाला. मला खरे ठाऊक होते. रक्त वाहू लागल्यानंतरच आम्ही तिथे पोचलो होतो. पण खुर्चीला कोण विचारतो?

ओर्सोलाने तुरिनच्या वरच्या न्यायालयात अपील केले. मला दालनाच्या मधोमध ठेवले. सरकारी वकील माझे पट्टे हलवत म्हणाले, "पाहा, पोरींना बांधायची सोय!" ते पट्टे कळा येताना धरायला होते हो! गास्ताल्दी पहिल्याच रांगेत बसले होते. देल्फिनाने त्यांच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"आधी सांगितलं तेच खरं," ती पुटपुटली.

मला वाटले, आता सगळे संपले. तेवढ्यात बेड्या घातलेली ओर्सोला कठड्याआडून म्हणाली, "पोरी, अंगावर रक्त जायचं थांबलं का गं?"

"गप्प बसा!" न्यायाधीश गरजले.

"थांबलं, मावशी," म्हणत देल्फिना रडू लागली. "साहेब, मी खोटं बोलले. हिनं काही दिलं नाही. मालकांनी मला जिन्यावरून ढकललं. मूल त्यांचंच होतं. ही आली नसती तर मी मेलेच होते."

"नोकरमाणसांचं काय ऐकता!" गास्ताल्दी ताडकन उठले.

"खाली बसा," न्यायाधीश म्हणाले. मग देल्फिनाकडे वळून विचारले, "खोट्या साक्षीला शिक्षा असते, माहीत आहे?"

"माहीत आहे. पण आता शब्द फिरवणार नाही."

ओर्सोला सुटली आणि देल्फिना तुरुंगात गेली. गास्ताल्दींना कुणी हातही लावला नाही. ओर्सोलावरचा तुरुंगाचा डाग मात्र पुसला नाही; गावाने दुसरी दाई नेमली. ओर्सोला दिसली की बायका दार लोटून घेत. मी तिच्या गोठ्यात पडले.

देल्फिनाची सुटका झाली त्या दिवशी ओर्सोला स्वतः तिला आणायला गेली. गोठ्याच्या दारात देल्फिना घुटमळली.

"मी इथंच निजते, मावशी."

"गुरांत? चल घरात. सूप निवतंय."

मित्रांनो, कुणी बाई वेदनेने कण्हताना दिसली, तर आधी तिचा हात धरा. तिला बोल लावायला पुष्कळ जण तयार असतात.