न फुंकलेले श्वास

आजारी अपत्याच्या उशाशी बसणाऱ्या मातेविषयी जग एक गोष्ट गृहीत धरून चालते, की ती स्वतः कधी आजारी पडणार नाही. तिच्या देहाचे दुखणे लोक एक वेळ मान्य करतात. ताप हाताला लागतो, सूज डोळ्यांना दिसते. मनाला आलेली ग्लानी मात्र कोणाला दिसत नाही, आणि जिला ती आलेली असते तिला तो आपला आळस वाटतो. अशा ग्लानीत तिच्या हातून अपत्याचेच अहित घडले, तर दोष कोणाचा आणि किती, हे सांगणे कठीण. परंतु त्याचा निवाडा होईपर्यंत सत्य सांगायचे थांबता येते का, हा प्रश्न अधिक तातडीचा असतो. या कथेतील मातेपुढे तो एका मंगळवारी दुपारी उभा राहिला, आणि तिच्या हाती अवघे दोन दिवस होते.

ती जलशुद्धीकरण केंद्रात नोकरीला होती. टाक्यांवरच्या मापकांचे काटे दर तासाला वाचायचे आणि तक्त्यात उतरवायचे, हे तिचे काम. बारा वर्षांत तिने एकही आकडा अंदाजाने लिहिला नव्हता. सहकारी थट्टेने तिला काटेबाई म्हणत, आणि मनातून तिला ते आवडत असे.

तिची लेक आठ वर्षांची. चालू लागल्यापासून घरभर गरगरत असे, म्हणून आजीने तिला भिंगरी म्हटले. पाचव्या वर्षी दम्याने तिला गाठले. भिंगरी पायरीवर बसून इतरांचा खेळ पाहू लागली. नाव तेवढे राहिले.

छातीच्या डॉक्टरांनी घरी वापरायला एक नळी दिली होती. दीर्घ श्वास घेऊन तीत जोराने फुंकले की काटा सरके. छाती मोकळी असेल तर दोनशे वीसच्या आसपास जाई, आवळलेली असेल तर अलीकडेच थांबे. सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकायचे आणि त्यांतला मोठा आकडा वहीत लिहायचा. त्या वहीवरून डॉक्टर औषधाच्या पंपाचे फवारे कमीजास्त करीत. या घरात ती वही कोणी सांभाळायची, हे विचारण्याचीही गरज पडली नाही.

दोन वर्षे वही निर्दोष चालली. मग सकाळी पाय जमिनीला टेकवणे आईला जड जाऊ लागले. कधीपासून, हे तिलाही सांगता आले नसते. ती कामावर जाई, काटे वाची, घरी येई आणि चप्पलसुद्धा न काढता पलंगाच्या कडेवर बसून राही. भाजी चिरता चिरता सुरी हातात तशीच थांबे.

"कुठे हरवलीस?" नवरा विचारी. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर अंधाऱ्या चौकटींत लोंबकळून आलेला असे.

"कुठे काय, बरी आहे की," ती म्हणे, आणि दमलेला तो तेवढ्यावर समाधान मानी.

एका संध्याकाळी भिंगरीने फुंकले तेव्हा काटा एकशे पन्नासवर थांबला. पुन्हा फुंकले, एकशे चाळीस. आई त्या काट्याकडे पाहत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. हुंदका नाही, आवाज नाही, नुसती धार. लेकीने ते पाहिले. दुसऱ्या दिवशी नळी बाहेर काढताच ती म्हणाली, "आई, तू आपलं लिहून टाक ना. मी फुंकलं असं समज."

आणि आईने लिहिले, दोनशे दहा.

मग दोनशे वीस, मग दोनशे पाच. खरे आकडे एका जागी स्थिर नसतात, किंचित हलत राहतात, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? बारा वर्षांची विद्या तिने असत्याच्या सेवेला लावली. लेक खोकला दाबी, आई आकडा लिही, आणि आपण दुसरीला दुःख दिले नाही म्हणून दोघींना हायसे वाटे. असे अठ्ठावीस दिवस चालले.

वही पाहून डॉक्टर प्रसन्न झाले. त्यांनी फवारे निम्मे केले. आईने तेव्हाही ब्र काढला नाही. त्यानंतर नवव्या दिवशी शाळेच्या जिन्यात भिंगरीला धाप लागली, ती थांबेना. ओठ निळे पडले. चार दिवस ती रुग्णालयात होती. डॉक्टर बुचकळ्यात पडले. श्वास इतका उत्तम असताना एवढा मोठा झटका कसा? म्हणजे हा निव्वळ दमा नसावा. श्वासनलिकेत काही अडकले असेल, दुसराच विकार असेल. गुरुवारी मुलीला भूल देऊन, घशातून दुर्बीण उतरवून आत पाहायचे ठरले.

त्याच रुग्णालयात दमेकरी मुलांच्या आयांना एक प्रश्नावली देत. झोप येते का, भूक लागते का, आपण नसतो तर बरे असे मनात येते का. वही दाखवली त्या दिवशीच्या तिच्या उत्तरांवरून परिचारिकेने तिला तळमजल्यावरच्या समुपदेशक बाईंकडे धाडले. दर मंगळवारी एक तास, अशा आठ बैठका.

"नुसतं बोलून दुखणं बरं होतं म्हणे!" सासूबाई हसल्या होत्या. "मग माझ्यासारखीला मरणच नाही."

त्या खोलीत पूर्वी क्ष-किरणांच्या फिल्म ठेवीत. औषधी उग्र वास अजून भिंतींत होता. दोन खुर्च्या, एक मेज, पाण्याचा तांब्या. बाई साठीच्या, जाड भिंगांच्या, बोलायला सावकाश. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावले होते, "इथलं बोलणं इथेच राहतं. फक्त मुलाच्या जिवाला धोका असेल, तर ते मला माझ्यापाशी ठेवता येत नाही. हे आधीच सांगून ठेवते, मागाहून फसवलं असं वाटायला नको."

ही तिसरी बैठक होती. मन रोज किती ठीक होते त्याला दहापैकी गुण द्यायचे, असे बाईंनी तिला सांगितले होते. तिने कागद पुढे केला. सहा, सात, सहा, सात, सात, सहा, सात.

"छान. रविवारी सात," बाई म्हणाल्या. "काय झालं होतं रविवारी?"

ती आठवू लागली. रविवार आठवेना. शनिवारही आठवेना.

"घाई नाही," बाई म्हणाल्या, आणि खरोखरच त्यांनी घाई केली नाही. बाहेर कोणाची तरी चाकांची खुर्ची करकरत गेली.

"हे मी आत्ता लिहिलं," ती अखेर म्हणाली. "बाहेरच्या बाकावर बसून. सातही दिवसांचं."

"बरं."

"रागावला नाहीत?"

"गृहपाठ न करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही हो. पण एक विचारू? कोरा कागद आणला असता तर काय झालं असतं?"

"कोरा कागद... मला नाही आणता येत मॅडम. बारा वर्षांत नाही आणला." मग एकाएकी, घशाशी आलेले सगळे बाहेर पडावे तसे, "मी तिचे आकडेही असेच लिहिले. भिंगरीचे. ती फुंकतच नव्हती."

बाईंनी चष्मा काढून मेजावर ठेवला. "किती दिवस?"

"अठ्ठावीस. तिनेच सांगितलं होतं, लिही म्हणून. ती आठ वर्षांची आहे, मी अडतीस वर्षांची आहे. तिचं मी ऐकलं. मला रडताना पाहिलं की ती श्वास रोखून धरते. दम्याची मुलगी आणि श्वास रोखून धरते, माझ्यासाठी!"

बाईंनी तिला गप्प केले नाही, पाण्याचा पेलाही पुढे केला नाही. धार आटेपर्यंत त्या समोर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "गुरुवारी तिच्या घशात दुर्बीण घालणार आहेत. कशावरून, ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"डॉक्टरांना हे कळायला हवं. आजच. मी फोन करू, की तुम्ही वर जाल?"

"कळलं की तिला माझ्यापासून काढून घेतील. सासूबाई म्हणतीलच, हिच्या हाती पोर ठेवायची कशी?"

"कोण काय म्हणेल ते मला सांगता येणार नाही. कोणी काही म्हणणार नाही, असं खोटं मी तुम्हाला सांगणार नाही." बाईंनी चष्मा पुन्हा लावला. "पण दारापर्यंत मी बरोबर येते."

दोन मजले त्या चढल्या. बाईंचे गुडघे दुखत, म्हणून प्रत्येक वळणावर त्या थांबल्या, आणि त्या थांबल्या म्हणून तीही थांबली. डॉक्टरांच्या दारापाशी बाई बाकावर बसल्या. ती एकटी आत गेली.

डॉक्टरांनी सगळे उभ्यानेच ऐकले. त्यांचा चेहरा लाल झाला. "बाई, या वहीवर मी फवारे निम्मे केले! मुलगी गेली असती, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"मग?"

डॉक्टर खिडकीपाशी गेले, परत आले, वही उघडून पाने उलटू लागले. मग ते खालच्या स्वरात म्हणाले, "त्या दिवशी नळी माझ्या याच खणात होती. मुलगी समोर बसली होती. एकदा फुंक म्हणायला मला काय झालं होतं? वही इतकी सुरेख होती, की वाटलं, कशाला." त्यांनी गुरुवारच्या चिठ्ठीवर आडवी रेघ मारली, पंपाचे फवारे पूर्ववत लिहिले, आणि म्हणाले, "यापुढे महिनाभर दुसरं कोणीतरी मोजेल. ही शिक्षा नाही. पण मला खरे आकडे हवेत."

घरी तिने सगळ्यांसमोर सांगितले. सासूबाई काही बोलायला गेल्या, आणि मुलाचे तोंड पाहून आवरल्या. भिंगरी वडिलांच्या शर्टाचे टोक ओढून म्हणाली, "बाबा, मी सांगितलं होतं आईला. तिला ओरडू नका."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला सोपे गेले असते. "मी रोज विचारत होतो," एवढेच तो म्हणाला. "रोज."

"विचारत होता. आणि मी बरी आहे म्हणत होते."

वही आणि नळी त्याने आपल्या खणात ठेवली. त्या संध्याकाळपासून मोजणी पुढच्या खोलीत होऊ लागली. ती स्वयंपाकघरात उभी राहून ऐके: एक फुंक, दुसरी, तिसरी, मग पेन्सिलीचा हलका आवाज. आकडा कोणी तिला सांगत नसे आणि ती विचारीत नसे. बारा वर्षे काटे वाचणारी ती बाई, भिंतीपलीकडचा आपल्या लेकीचा श्वास कानांनी तोलू लागे आणि तोलता न येऊन डोळे मिटी. भिंगरी आत येऊन तिला बिलगे, पण पूर्वीसारखी बडबडत नसे. आपण आईचे गुपित राखू शकलो नाही, असे काहीतरी त्या चिमुकल्या मनात बसले होते. ते निघायला किती दिवस लागतील, हे समुपदेशक बाईंनाही सांगता आले नाही. पुढच्या मंगळवारी तिने कागद नेला त्यावर तीन दिवस कोरे होते, आणि उरलेल्या दिवसांपुढे दोन, तीन, एक, दोन.

त्यानंतरच्या शुक्रवारी नवरा मोजणी आटोपून स्वयंपाकघराच्या दाराशी आला. हाताचे ग्रीस अजून धुतले नव्हते. तो चौकटीला टेकून उभा राहिला, तिच्याकडे न पाहता म्हणाला, "एकशे साठ."

एवढेच. आकडा वाईट होता. आणि खरा होता. ती ओट्याला धरून रडली, या वेळी आवाजासकट. भिंगरी दारात येऊन पाहत राहिली, आणि कोणी तिला दूर नेले नाही. रडणाऱ्या आईसमोर उभे राहूनही त्या मुलीचा श्वास, धापत का होईना, चालू होता.

त्या मुलीची छाती हळूहळू मोकळी होवो. त्या पित्याला विचारीत राहण्याचे बळ मिळो, आणि त्या मातेला बरी नाही असे म्हणण्याचे. जो कोणी दुसऱ्याचे दुःख ऐकण्यासाठी समोरच्या खुर्चीवर बसतो, त्याच्या धीराला क्षय नसो.