भरल्या पोटी

माझ्या आईचा जगात एकाच औषधावर विश्वास आहे, ते म्हणजे मोरी. बाळंतिणीच्या अंगावर दूध येत नाही? मोरी खा. कंबर धरली? मोरी खा. नवरा फोन उचलत नाही म्हणून तिच्याकडे रडत गेलात, तरी ती आधी मोरीचं कालवण पुढे ठेवेल. मोरी म्हणजे लहान शार्क. आमच्या पनवेलच्या कोळीवाड्यात बाळंतिणीला ती लसूण-मिरी लावून देतात, दूध उतरावं म्हणून. आईचं उभं आयुष्य उरण नाक्याच्या बाजारात मासळी विकण्यात गेलं. तिच्यापुढे मी, मनस्वी, समुद्रातल्या जिवांवर एम.एस्सी. करून प्रयोगशाळेत नोकरी करणारी तिची एकुलती एक लेक, बाजेवर पडल्या पडल्या काय वाद घालणार?

पण घालत होते. स्वभावाला औषध नाही.

पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आले होते. पोरगी महिन्याची होत आली तरी दूध म्हणावं तसं येत नव्हतं. ती ओढून ओढून दमायची आणि मग अशी किंचाळायची की शेजारच्या सुनिताकाकी दारात येऊन उभ्या राहायच्या. डॉक्टरीणबाई म्हणत, येईल, पाजत राहा, तोवर थोडं वरचं द्या. वरच्या दुधाचं नाव काढलं की आईचं तोंड उतरायचं. ती उरणजवळच्या मोरा बंदराच्या धक्क्यावरून आलेल्या मासळीतून माझ्यासाठी मोरी बाजूला काढायची, घरी येऊन शिजवायची आणि ताट रिकामं होईपर्यंत समोरून हलायची नाही.

"खा गो बाय. पोर काय हवा पितं काय?"

मी चार घास गिळायची आणि आई पाठमोरी झाली की उरलेलं मांजराला द्यायची. त्या महिन्यात आमचं मांजर बाळंतिणीसारखं गुटगुटीत झालं.

आमच्या प्रयोगशाळेत रोज हेच काम चालतं. कोणत्या मासळीत कोणतं विष किती साठलंय ते बघायचं. दुसऱ्या माशांना खाणाऱ्या माशांत सगळ्यात जास्त, आणि मोरी त्यातलीच. पण जिच्या टोपलीवर माझी फी भरली गेली, तिला कसं सांगायचं की तुझ्या टोपलीत विष आहे? जीभ रेटत नव्हती. आणि मध्ये भावेश होता.

भावेश माझा मोठा भाऊ. मी त्याला पाहिलं नाही. मी जन्मायच्या आधी, तीन महिन्यांचा असताना तो तापात गेला. आजी, म्हणजे आईची सासू, वाडाभर सांगत सुटली की मालूच्या अंगावर दूध नव्हतं, पोर उपाशी मेलं. आई म्हणायची, दूध होतं, माझं लुगडं भिजायचं. पण सुनेचं ऐकतो कोण? ऐकून ऐकून पुढे तिलाच ते खरं वाटायला लागलं. लहान बाळांना आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, म्हणून त्याला खाडीच्या काठाला पुरलं होतं. दर अवसेच्या संध्याकाळी आई वाटीभर दूध घेऊन तिथे जाते आणि ओतून येते. आता त्या जागी भराव टाकून मोठी इमारत झालीय. आई कुंपणाच्या भिंतीशी दूध ओतते. वॉचमनला वाटतं, म्हातारी नागोबाचं काहीतरी करते.

म्हणजे ती मोरी माझ्यासाठी नव्हतीच. आपल्या नातीला तरी उपाशी जाऊ द्यायचं नाही, एवढाच तिचा हट्ट होता.

मग एका दुपारी प्रयोगशाळेतल्या परेशचा फोन आला. पोरगी मांडीवर होती, म्हणून मी स्पीकर लावला. आई उंबऱ्यात लसूण सोलत बसली होती.

"मनस्वी, मोऱ्याच्या त्या पिल्लाचं कळलं," तो म्हणाला.

सातव्या महिन्यात असताना मी मोऱ्याला गेले होते. धक्क्याच्या अलीकडे चिखलात डॉल्फिनचं पिल्लू लागलं होतं. डॉल्फिनला आमच्याकडे गादा म्हणतात. होडीवाले सांगत होते, पिल्लू मेल्यावरही त्याची आई त्याला नाकाने वर ढकलत फिरत होती, श्वास घ्यावा म्हणून. त्यांनी ते ओढून काठाला आणलं तर ती उथळ पाण्यापर्यंत मागे मागे आली. दिसायला पिल्लू चांगलं गुबगुबीत. आम्ही पोट उघडलं, तर आत दूधच दूध. इतकी वर्षं मी मेलेले जीव कापलेत, पण त्या दिवशी मला बाजूला जाऊन बसावं लागलं. घरी आल्यावर आईने डोक्याला हात लावला होता. "पोटुशी बाय मेल्याचं पोट फाडतं! काय बोलाचं!"

फोनवर परेश सांगत होता, "एवढ्याशा जिवाच्या चरबीत इतकं विष. त्याने स्वतः तर अजून मासा खाल्लाही नव्हता. सगळं आईच्या दुधातून आलंय. पहिलटकरीण असणार ती."

फोन ठेवला तसं आईने विचारलं, "कोन पयलटकरीन?"

मोरीतून सुटायची संधी आयती चालून आली होती. मी सरसावून बसले. म्हटलं, आई, कारखान्यांचं, फवारणीच्या औषधांचं जे पाणी खाडीत येतं ना, ते बारीक मासळीच्या अंगात जातं. बारीक मासळीला मोठी खाते, मोठीला गादा खातो. यातलं काही विष असं असतं की ते अंगाबाहेर निघत नाही, चरबीत साठत राहतं. नराच्या अंगात मरेपर्यंत तसंच. मादीला मात्र एक वाट मिळते, दुधाची. पहिल्या पिल्लाला पाजते तेव्हा आयुष्यभराचं साठलेलं त्याच्या पोटात उतरतं आणि आई हलकी होते. म्हणून पुढची पिल्लं त्या मानाने वाचतात.

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"मोरीच्या अंगातही असंच साठतं," मी पुढे म्हणत होते, "म्हणून तुला सांगते—"

आईचा लसणावरचा हात थांबला होता.

"पयलं मरतं," ती म्हणाली. "मंग दुसरं जगतं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दुसरी मी होते.

"आई, सुतावरून स्वर्ग गाठू नकोस. गादा वेगळा, माणूस वेगळं. भावेशला ताप आला होता, कोणी दवाखान्यात नेलं नाही. आणि त्या पिल्लाचंसुद्धा परेश छातीठोकपणे सांगणार नाही की ते एवढ्यानेच मेलं."

तिने माझं काही ऐकलं नाही. "लगीन होऊन आली तवापासून खाडीची मासली खाल्ली मी. तवा पन पानी असाच वास मारायचा. कवा कवा मासली मरून वर याची, ढिगानं. आमी बायका पाट्या भरून आनाचो. फुकटची मासली. पोटुशी व्हती तरी आनाची."

"तुला काय ठाऊक होतं?"

"नाय व्हतं ठाव." तिने लसणाच्या साली एका बाजूला लोटल्या. मग म्हणाली, "मना एक सांग. त्या पिल्लाच्या पोटान दूध व्हतं?"

"होतं."

"भरलेलं?"

"भरलेलं होतं, आई."

"मंग तिनं उपाशी नाय ठेवला त्याला."

एवढं बोलून ती उठली, चुलीवरचं मोरीचं पातेलं उचललं आणि मागच्या दारी नेऊन त्यातलं कालवण मातीत पुरलं. मांजर हुंगत आलं, त्याला लाथ घातली. ती रडली नाही. मीच रडले, तोंडात पदर कोंबून, पोरगी उठेल म्हणून.

त्यानंतर घरात मोरी आली नाही. अळीव आला, मेथीचे लाडू आले, पेज आली. आई बाजारात बसायची, पण पोटुशी गिऱ्हाईक दिसलं की मोरी टोपलीच्या तळाला ढकलायची आणि म्हणायची, "आज नाय हाय." बाजूची रंजिता तिला हसायची, म्हणायची, मालूवहिनीचं वय झालं, समोरचं दिसत नाही. आमच्यात त्या दुपारचा विषय पुन्हा निघाला नाही. आई कामापुरतं बोलायची. मला वाटायचं, ती रागावलेली बरी. पण ती रागावलेलीही नव्हती.

अवस आली. संध्याकाळी तिने नेहमीप्रमाणे फडताळातली स्टीलची वाटी काढली, दूध ओतलं, पदर खोचला आणि दारापर्यंत गेली. तिथे थांबली. परत येऊन दूध पातेल्यात ओतलं, वाटी विसळली आणि हंड्यातलं पाणी भरून घेतलं.

"पानी नेतंय," ती म्हणाली. "दूध नको त्याला आता."

मला तिला हाक मारायची होती. काय म्हणून मारणार? ती वाटी दोन्ही हातांनी धरून गल्लीतून खाडीकडे गेली.

ती गेली आणि पोरगी उठली. मी तिला छातीशी घेतलं आणि काय झालं कोण जाणे, मोरीशिवाय पान्हा फुटला. असा, की ब्लाउज भिजला, दूध पोरीच्या गालावरून ओघळलं, तिला ठसका लागला. महिनाभर याच्यासाठी नवस बोलणं तेवढं बाकी राहिलं होतं. आनंदाने ओरडायला हवं होतं मी.

मी तिला बाजूला केलं.

बंद केली ती महिन्याभराची मोरी. पण त्याआधी खाल्लेलं? याच घरात, याच बाजारातली मासळी खाऊन मी लहानाची मोठी झाले. गाद्याचं सगळं मी आईला समजावून सांगितलं आणि एक गोष्ट मला दिसलीच नाही. पहिलटकरीण मी होते. ही माझी पहिली.

आईच्या दुधासारखं दुसरं काही नाही, हे मला कळतं. डॉक्टरीणबाई तेच म्हणतील, दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. पण भीतीला एम.एस्सी. कळत नाही. पोरगी हात झाडून रडत होती, लाललाल झाली होती. शेवटी मी तिला पुन्हा जवळ घेतलं. गटागट प्यायली, जन्मल्यापासून पहिल्यांदाच पोटभर, आणि तोंडातलं दूध तसंच ओठांवर ठेवून झोपली.

आई परत आली तेव्हा मी पोरीच्या इवल्याशा छातीवर हात ठेवून, श्वास वरखाली होतो का ते बघत बसले होते. आईने माझा भिजलेला ब्लाउज पाहिला, माझा हात पाहिला. रिकामी वाटी पालथी घातली आणि माझ्या शेजारी टेकली.

"पोट भरलं तिचं?"

"भरलं."

मग तिनेही आपला हात माझ्या हातावर ठेवला आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.