दुफी मावशीची खरी मापं

कुमासी शहरातल्या आमच्या शिवणाच्या दुकानात बावीस वर्षांत कापड कापलं ते फक्त दुफी मावशीनं. बाकीच्या आम्ही नुसत्या शिवायच्या. त्यामुळे मी समुद्रकाठच्या तेमा शहरात दुसरं दुकान काढायचं म्हटलं, तेव्हा तिनं पहिलं विचारलं, "कापणार कोण?"

"मी. तुझ्या वह्यांतली मापं क्लाउडवर ठेवू. तू तिकडे लिहिलंस की मला इकडे दिसेल. वही फाटायची, भिजायची भीती नाही."

मावशीनं मान डोलावली, पण अट घातली. पहिली मोठी ऑर्डर बिघडली तर तेमाचं दुकान बंद आणि मी मुकाट्यानं परत तिच्या मशीनवर. चारशे बारा गिऱ्हाइकांची मापं मी महिनाभर बसून टाइप केली. एक आकडा चुकला नाही, याचा मला केवढा तोरा!

पहिली मोठी ऑर्डर आली आमच्या जुन्या गिऱ्हाईक, हल्लीच तेमाला राहायला आलेल्या बिरागोबाईंची. मुलीचं लग्न शनिवारी तेमातच, आणि घरच्या सहा बायकांना एकाच कापडाचे पोशाख. गुरुवारी सगळ्या घालून बघायला आल्या. बिरागोबाईंच्या अंगावर पोशाख नुसता लोंबत होता आणि नवरीच्या बहिणीच्या पोशाखाची पाठीची चेन अर्ध्यातच अडकली.

"पोकुआ, हे माझ्या नवऱ्याच्या मापाचं शिवलंस का गं?" बिरागोबाई कडाडल्या. "दुफीच्या हातून असं कधी झालं नाही!"

मी आतल्या खोलीत पळाले आणि मावशीला फोन लावला.

"वहीप्रमाणेच कापलंस?" तिनं विचारलं.

"सूतभर इकडचं तिकडं नाही."

 पलीकडे मावशी खो खो हसायला लागली. मला असा राग आला!

"अगं वेडे, वहीत खरं माप कोण लिहितं? माप घेताना प्रत्येक बाई वहीत डोकावते. बिरागोच्या वयाच्या बाईला वाळलीस म्हटलेलं चालतं का? घरात खायला मिळत नाही, असं म्हणतात लोक. तिचं मी तीन इंच वाढवून लिहिते. तिच्या पोरींचं कमी करून. खरं माझ्या डोक्यात असतं."

"चारशे बारा जणींचं? आणि हे मला सांगायचं नाही?"

"इतकी सवय झालीय गं, आपण खोटं लिहितो हेच विसरले होते."

सहाही जणींची खरी मापं तिनं घडाघडा सांगितली. शिवणीच्या आत माया, जादा कापड, भरपूर सोडली होती म्हणून निभावलं. शुक्रवारभर उसवलं, शिवलं. शनिवारी बिरागोबाई लग्नात सगळ्यांच्या पुढे नाचत होत्या.

पण अट ती अट. मी बॅग भरून ठेवली. सोमवारी मावशी बसनं तेमाला आली.

"दुकान बंद करायला आलीस ना?" मी विचारलं.

"तोंड पाडू नकोस. चूक माझ्या वहीची, तुझी नव्हे. कॉम्प्युटर उघड. प्रत्येकीच्या नावापुढे आणखी एक रकाना कर, गिऱ्हाइकाला दिसणार नाही असा."

"तुला आणि मलाच दिसेल."

"मग लिही."

तीन दिवस ती सांगत होती आणि मी लिहीत होते. दुपारी केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे, आणि तळलेली मासळी, की पुन्हा कामाला. मधूनच ती एखादीची गंमत सांगायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. बुधवारी दुपारी शेवटचं नाव झालं. मावशीनं पडद्यावरची यादी वरपासून खालपर्यंत बघितली.

"बावीस वर्षांत मी एक दिवस आजारी पडले नाही, पोकुआ," ती म्हणाली. "पडायची सोयच नव्हती."

कापडांच्या गठ्ठ्यावर ती आडवी झाली आणि भर दुपारी, दुकान उघडं असताना, गाढ झोपली.  तेवढ्यात बिरागोबाई नवं कापड घेऊन दारात आल्या.

"दुफी आलीय म्हणे? कुठंय?"

"हळू बोला," मी म्हटलं. "मावशी सुट्टीवर आहे."