थप्पीवरचे पांघरूण

सुक्याबरोबर ओलेही जळते, ही म्हण ज्याने कोणी केली त्याने जन्मात बेकरीची भट्टी पेटवलेली नसावी, असे थोरलीचे ठाम मत होते. भट्टीत नेमके उलटे होते. ओल्याच्या संगतीने सुकेही धुमसत बसते. निम्मी आच लाकडातले पाणी उकळण्यात खर्ची पडते, आणि उरलेल्या आचेवर भाजलेला पाव तापातून उठलेल्या माणसासारखा पांढराफटक निघतो.

गेल्या पावसाळ्यात तेच झाले होते. वडिलांनी नेहमीप्रमाणे सरपण मागच्या बिनखिडकीच्या खोलीत, धान्य साठवावे तसे छतापर्यंत ठासून भरले होते. पाऊस लागला आणि भट्टी तापेना. धूर मात्र गल्लीभर. समोरच्या शिंपीणबाईंनी गिऱ्हाइकांच्या कपड्यांना वास लागतो म्हणून भांडण काढले, ते दिवाळे निघेपर्यंत थांबणार नाही असे वाटू लागले. शेवटी वडिलांनी ठरवले, की भट्टी पाडायची आणि तिच्या जागी विजेचा ओव्हन बसवायचा. भट्टी आजोबांनी विटेला वीट लावून बांधलेली होती. पण वडील हिशेबी माणूस, डोळ्यांत पाणी आणून पाव भाजला जात नाही हे त्यांना ठाऊक होते. ओव्हनवाला येऊन मापही घेऊन गेला.

थोरलीने एक पावसाळा मागून घेतला. धाकटी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती; थोरली मात्र लहानपणापासून पिठातच वाढली होती आणि पुढेही ही बेकरी तिच्याच अंगावर येणार होती.

"यंदाचं सरपण मी रचते," ती म्हणाली. "भर पावसात भट्टी तापली नाही तर पहिला घण मीच घालीन."

वडिलांनी ओव्हनवाल्याला निरोप धाडला, की पाऊस चांगला लागला म्हणजे या, घण घालायचा की नाही ते तेव्हा बघू.

थंडी सरता सरता तिने वखारीतून ओली लाकडे आणवली आणि आधी सगळी फोडून घेतली. साल म्हणजे झाडाचा रेनकोट. बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, तसे आतलेही बाहेर जाऊ देत नाही. बेकरी आणि शेजारची भिंत यांच्यामध्ये एक बोळ होता. तिथे टाकलेले धुणे ऊन नसतानाही दुपारपर्यंत वाळे, म्हणून तिने तीच जागा धरली. खाली विटांवर फळ्या टाकल्या, म्हणजे जमिनीची ओल वर चढू नये. त्यावर लाकडांची लांबलचक थप्पी लावली. कापलेली टोके वाऱ्याच्या वाटेकडे, कारण पाणी लाकडातून मुख्यतः टोकांनीच बाहेर पडते. थप्पीच्या दोन्ही कडांना लाकडे आडवी-उभी रचून भक्कम खांब केले. वर उतरता पत्रा टाकला. बाजू सताड उघड्या.

वडील हात मागे बांधून बघत राहिले. छप्पर आहे आणि भिंती नाहीत, असल्या घरात कोण राहतं, असे त्यांनी विचारले.

"लाकूड वाऱ्यानं वाळतं, बाबा. कोंडलं की त्याचा घाम त्याच्याच अंगावर."

उन्हाळाभर ती येता-जाता दोन लाकडे एकमेकांवर आपटून बघे. सुरुवातीला थप्प असा बद्द आवाज यायचा, उन्हाळा संपेस्तोवर तो टणक झाला. टोकांना चांदणीसारख्या भेगा पडल्या. थोरली गुणगुणत कणीक मळू लागली.

पाऊस आला तशा थप्पीच्या बाजू भिजल्या, आणि वडिलांचा जीव खालीवर होऊ लागला. प्रत्येक सरीला ते मागच्या दारात जाऊन उभे. वरवरचे पाणी वारा लागला की निघून जाते, ते आत मुरायला बसत नाही, हे तिने त्यांना परोपरीने समजावले. दात काढताना दुखणार नाही असे सांगितल्यावर माणूस जशी मान हलवतो, तशी ते हलवत.

तेवढ्यात धाकटीचे दिवस भरले. आईचे गुडघे धरलेले, तेव्हा बाळंतपणाला थोरलीच गेली. भाचीला न्हाऊ-माखू घालून परत आली तेव्हा घरात शिरण्याआधी, पिशवी खांद्यावर असतानाच, ती बोळात वळली.

थप्पी दिसतच नव्हती. वरपासून पार जमिनीपर्यंत निळी ताडपत्री, दोरांनी करकचून आवळलेली, कडांवर विटा. तिने एक कोपरा उचलला तर जुनी ट्रंक उघडावी तसा उबट, कुबट वास तोंडावर आला. ताडपत्रीला आतून थेंब लोंबत होते. बाहेरच्या लाकडांवर पांढरी बुरशी चढली होती.

ओव्हनवाला दोन-चार दिवसांत येणार होता. थोरलीच्या मनात जे यायचे ते आलेच. वडील टेम्पो घेऊन दुकानांवर पाव पोचवायला गेले होते. आई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. थोरली तिला एवढेच म्हणाली, की त्यांना ओव्हनच हवा होता तर सरळ सांगायचं होतं, पाठीमागून हे कशाला.

आईने सोललेली पाकळी वाटीत टाकली आणि सावकाश सगळे सांगितले. तू गेलीस आणि वादळ झालं. पत्रा थडथडायला लागला तसे हे ताटावरून उठले. घरात दुसरं काही मिळेना, म्हणून टेम्पोवरची ताडपत्री ओढून काढली. टेम्पोतला सगळा पाव भिजून लगदा झाला, तो टाकून दिला. पोरगी येईपर्यंत तिचं लाकूड भिजता कामा नये, एवढंच म्हणत होते. मग तुझा राग आठवला असेल, मला म्हणाले, तिला आल्या आल्या सांगू नकोस.

"जन्मभर यांच्या चुकांवर मी पांघरूण घातलं," आई म्हणाली. "आता स्वतःच घालायला शिकलेत. तेही लाकडांवर."

थोरलीला रागावून राहायचे होते, पण हसू फुटले.

वडील आले ते थेट बोळात. ती दोर सोडत होती. त्यांनी दुसरे टोक धरले.

"गेलं ना सगळं?" त्यांनी विचारले.

तिने थप्पीच्या मधोमध हात घालून एक लाकूड ओढले, कुऱ्हाडीने उभे फोडले आणि ताजा फोडलेला भाग गालाला लावला. ओले लाकूड गालाला गार लागते. हे लागले नाही. तिने ते वडिलांच्या गालाला टेकवले. ते डोळे मिटून उभे राहिले, जणू डॉक्टर नाडी बघतोय.

उन्हाळाभर जे पाणी बाहेर पडले ते एवढ्याशा घामाने परत आत खोलवर शिरत नाही, तिने सांगितले. बुरशी कातडीवर आहे, हाडाला धक्का नाही. बाहेरची आणि तळाची लाकडे तेवढी दमट झाली होती. ती दोघांनी बाजूला काढली, झाडूने बुरशी झाडली आणि बोळाच्या तोंडाशी, जिथे वारा सर्वांत जोरात घुसतो तिथे, चौकोनी विहिरीच्या कठड्यासारखी, मध्ये पोकळ रचली. वडील दोन लाकडांमध्ये हात घालून फट पुरेशी आहे का ते पाहत होते. कुणी सांगितले नव्हते.

ओव्हनवाला आला त्या सकाळी पाऊस कोसळत होता. तो बाकावर बसला. घण त्याच्या माणसाजवळ पोत्यात होता. थोरलीने थप्पीच्या पोटातली लाकडे घेऊन भट्टी पेटवली. सुरुवातीला थोडा धूर निघाला, मग विरळ झाला, मग दिसेनासा. समोरच्या शिंपीणबाईंनी संशयाने खिडकी किलकिली केली, आणि तशीच उघडी ठेवून मशीनवर बसल्या. भट्टीच्या छताची काजळी आचेने जळत गेली आणि विटा उजळ दिसू लागल्या. निखारे बाजूला ओढून वडिलांनी तळावर चिमूटभर पीठ टाकले. ते काळे पडले नाही, पांढरेही राहिले नाही. सावकाश बदामी झाले. वडिलांनी पावाचे ट्रे स्वतः आत सरकवले.

पाव निघाला तो तांबूस, तळाशी खरपूस. वडिलांनी त्यातला एक मोडून चहाबरोबर ओव्हनवाल्यापुढे ठेवला.

"ओव्हन तुमचा उत्तमच आहे," ते म्हणाले. "पण ठेवायला जागा नाही. मध्ये भट्टी येते."

ओव्हनवाल्याने पाव संपवला आणि वर दोन विकत घेतले. घण पोत्यातच परत गेला.

तो गेला आणि पावसाने जोर धरला. सवयीने वडील उठले, ताडपत्री उचलून मागच्या दाराने बाहेर पडले. थोरली पिठाच्या हातांनीच दारापर्यंत गेली. थप्पीच्या बाजूंवरून पाणी निथळत होते. वडील थप्पीपाशी थबकले. मग तिला वळसा घालून टेम्पोपाशी गेले आणि ताडपत्री त्यावर पसरून चारी बाजूंनी घट्ट बांधू लागले.

"याच्यावर तरी घालू ना?" त्यांनी भिजत विचारले.