काढून ठेवलेली मोटर

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे. पण हे मला फार उशिरा कळले. तोवर मी स्वतःला इंजिनच समजत होते.

हसू नका. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हालाही कदाचित तसेच वाटले असते. ब्राझीलमधल्या एका गावी, छोट्या आगगाड्या बनवणाऱ्या कारखान्यात माझ्यावर तांब्याची तार गुंडाळली गेली. बाहेरचे जग नीट बघायच्या आतच मला एका निळ्या डिझेल इंजिनाच्या पोटात बसवून वरून टप घातला. इंजिन स्वस्तातले होते. महागड्या इंजिनांचे कठडे खऱ्या तारेचे असतात, आमचे टपावरच उठवलेले होते. पण रुळांतून वीज आली की मी फिरत असे, मी फिरले की चाके फिरत, आणि बघणारे म्हणत, "काय इंजिन आहे." ती शाबासकी मी स्वतःकडेच घेत असे.

मला विकत घेतले अनाक्लेतोने. तो खऱ्या आगगाडीचा चालक. त्याच्या गावची लाइन बंद झाली तेव्हा प्रवाशांची शेवटची गाडी त्यानेच आणली होती. पण त्या दिवशी स्टेशनमास्तरने वरून आलेला हुकूम पाळून, गाडी पोचण्याआधीच स्टेशनला कुलूप ठोकले. फुले घेऊन आलेली माणसे फाटकाबाहेर राहिली आणि अनाक्लेतो रिकाम्या फलाटावर एकटाच उतरला. तो स्टेशनमास्तर म्हणजे वाल्देविनो, अनाक्लेतोच्या बायकोचा सख्खा भाऊ. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांशी बोलणे टाकले.

हे सगळे मला जांदिरामुळे कळले. जांदिरा ही ती बायको. जेवणाच्या टेबलावर आमचे रूळ मांडलेले असल्यामुळे ती भात आणि काळ्या घेवड्याची ताटली मांडीवर घेऊन जेवत असे आणि जेवताना बोलत असे.

"आईच्या नावाच्या प्रार्थनेलाही तुम्ही दोघं चर्चच्या दोन टोकांना बसलात. मी कुठं बसायचं? मधल्या खांबापाशी?"

"खांबापाशी गार असतं," अनाक्लेतो म्हणे आणि वेगाचे बटण फिरवे.

माझ्यावर मात्र त्याचा फार जीव होता. मला वाटते, जरा जास्तच. मोटरला तेलाचा एक थेंब पुरतो. तो थेंबावर थेंब सोडत राही. ते तेल आत, मला वीज पोचवणाऱ्या कोळशाच्या ब्रशांपर्यंत उतरले, तिथे काजळी साचली आणि मी अडखळू लागले. पुलावर थांबायची, बोगद्यात थांबायची. मला लाज वाटे, पण तोंड उघडून सांगणार कशी?

त्यातच जूनची जत्रा आली. जुन्या मालधक्क्याच्या शेडमध्ये गावच्या आगगाडी मंडळाचे प्रदर्शन दर जत्रेला भरते. मंडळाचे वयोवृद्ध प्रमुख सेऊ एउक्लिदेस घरी आले आणि म्हणाले, "यंदा शेवटच्या गाडीसारखी लांब गाडी चालवायची आहे. एका इंजिनाला ती ओढवत नाही. सारखी इंजिनं गावात दोनच. एक तुझं."

"आणि दुसरं कुणाचं, ते मला ठाऊक आहे," अनाक्लेतो म्हणाला.

"इंजिनाला इंजिन जोडायचं आहे," जांदिरा म्हणाली. "तुला तोंड उघडायला कुणी सांगितलंय?"

पुष्कळ आढेवेढे घेऊन तो तयार झाला. पण वाल्देविनोसमोर आपले इंजिन अडखळले तर? या एका भीतीने त्याने मनाशी काही ठरवले आणि दुकानातून एक छोटे पाकीट आणले.

मित्रांनो, त्या संध्याकाळचे कसे सांगावे मला समजत नाही. त्याने टप उचलला, दोन तारा सोडवल्या, एक पट्टी दाबली, आणि मी बाहेर आले. इतके सोपे होते ते. मला वाटले, आता इंजिन संपले. तेवढ्यात त्याने पाकिटातली कोरी मोटर माझ्या जागी बसवली आणि टप लावला. इंजिन चालू लागले. तीच वळणे, तोच पूल, तोच बोगदा. कुठे अडखळणे नाही. अनाक्लेतो खूश होऊन म्हणाला, "काय इंजिन आहे."

तेच शब्द. मी बधिर होऊन टेबलावर पडून राहिले. मला बदलता यावे अशीच त्या इंजिनाची घडण होती, आणि इतकी वर्षे आत राहून मला त्याचा पत्ता नव्हता.

जांदिराने मला उचलले, कापसावर स्पिरिट घेऊन माझी काजळी पुसली.

"ही चांगली आहे की."

"जुनी झाली ती."

"जुनं काढायला लागलास, तर आधी माझा नंबर लागेल," ती म्हणाली आणि मला मार्गारिनच्या रिकाम्या डब्यात घालून तिने तो डबा त्याच्या हत्यारांच्या पेटीत ठेवला.

प्रदर्शनाच्या दिवशी ती पेटी उघडी होती, म्हणून पुढचे मी पाहिले. शेडमध्ये उकडलेल्या मक्याचा वास भरला होता. मोठ्या मांडणीवर डब्यांची लांबलचक रांग उभी होती आणि पुढे दोन निळी इंजिने. वाल्देविनो उंच, इस्त्रीच्या शर्टातला. तो एका बाजूला. अनाक्लेतो दुसऱ्या बाजूला. जांदिरा मक्याच्या केकची ताटली घेऊन बरोबर मध्ये.

सेऊ एउक्लिदेस यांनी बटण फिरवले. गाडी हलेना. दोन्ही इंजिनांची चाके जागच्या जागी घसरू लागली. एक पुढे ओढत होते, दुसरे मागे. लोक चकित होऊन बघत राहिले.

"इंजिन उलटं ठेवलंय," कुणीतरी म्हणाले. अनाक्लेतोने आपले इंजिन उचलून तोंड फिरवून ठेवले. तरी तेच. आमच्या रुळांवर इंजिनाचे तोंड कुठे आहे याला महत्त्व नसते. वीज कुठल्या तारेतून आत येते, त्यावर दिशा ठरते. एवढ्यात वाल्देविनोच्या इंजिनातून धुराची रेघ निघाली. त्याची मोटर जळली होती.

"मुद्दाम केलंय," वाल्देविनो सेऊ एउक्लिदेस यांना म्हणाला. "सांगा तुमच्या चालकाला."

"त्यांना सांगा, माझं इंजिन घरी सरळ चालतं."

"घरी एकटंच असतं ना ते. त्याला कोण अडवणार?"

"सेऊ एउक्लिदेसना तुम्ही तार ऑफिस समजलात का?" जांदिरा म्हणाली.

सेऊ एउक्लिदेस यांनी अनाक्लेतोचे इंजिन एकटे रुळावर ठेवले आणि बटण पुढे फिरवले. ते मागे गेले. नव्या मोटरच्या दोन्ही तारा काळ्या होत्या. अनाक्लेतोने त्या उलट जोडल्या होत्या. घरी इंजिन मागे जाताच त्याने बटण उलट फिरवले असेल आणि विषय संपवला असेल. शेजारी दुसरे इंजिन नव्हते, मग चूक कळणार कशी?

वाल्देविनो आपले जळके इंजिन खोक्यात भरू लागला.

"दादा," जांदिरा म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी खाली गेला. "आज असाच गेलास, तर मी पुन्हा बोलवायला येणार नाही. दोघांपैकी कुणाकडेच. थकले मी."

तिने ताटली खाली ठेवली. वाल्देविनोचा हात खोक्यावर थांबला, पण मान वर आली नाही.

"थांब, मेव्हण्या," अनाक्लेतो म्हणाला. "तारा मी उलट्या जोडल्या."

मी हादरले. वर्षानुवर्षे त्याच्या टेबलावर फिरताना मी त्याच्या तोंडून 'चुकलो' अशा अर्थाचे काही ऐकले नव्हते. त्याने पेटीत हात घातला आणि मला बाहेर काढले.

"ही तुझ्या इंजिनात बसवतो."

"जुनी देताय?"

"जुनी आहे. पण हिच्या तारा कुठं जोडायच्या, ते मला पाठ आहे."

वाल्देविनोने खिशातून चष्मा काढला आणि अनाक्लेतो मला बसवत असताना त्याच्यासाठी टॉर्च धरून उभा राहिला. मग अनाक्लेतोने स्वतःच्या इंजिनातल्या तारांची अदलाबदल केली. बटण फिरले. पुढे माझे जुने घर, पोटात ती कोरी मोटर घेऊन. मागे मी, परक्या टपाखाली. दोघी एकाच बाजूला ओढत होतो. लांब गाडी हलली, पुलावर चढली, बोगद्यातून बाहेर आली. जांदिरा ती संपूर्ण फेरी पाठमोरी उभी राहून केक कापत होती.

तर मित्रांनो, एवढेच सांगायचे आहे. मोटर जरूर बदला. आम्ही बदलता याव्यात म्हणूनच तशा केलेल्या असतो, आणि आता मला त्याचे वाईट वाटत नाही. पण नवी बसवलीत तर कुणाशी जोडण्याआधी तिला बटणाप्रमाणे चालवून बघा. तेल एकच थेंब द्या. आणि काढलेली जुनी लगेच फेकून देऊ नका, आधी पुसून तरी बघा.

मी आता वाल्देविनोच्या घरी असते. मी नीट चालते. तो मला अगदी मोजके तेल देतो. तरीही परवा रविवारी सकाळी त्याने फोन उचलला आणि गंभीर आवाजात म्हणाला, "भावोजी, तुमची मोटर फार गरम होतेय. येऊन बघून जा. जांदिरालाही आणा, जेवायलाच या."

मला धक्काच बसला. मी खोक्यात होते, अगदी गार.