रिकामं मशीन

घड्याळजींनी नातवाला बाटलीनं दूध पाजण्याची रंगीत तालीम आदल्या दिवशी घरीच उरकली होती, आणि ती इतकी झकास झाली की त्यांची कॉलर ताठ झाली होती. दुधाचा थेंब मनगटावर टाकून पाहिला, बाटली तिरकी धरली, आणि चार महिन्यांच्या पिटूनं ती सात मिनिटांत संपवली. वेळ अर्थातच त्यांनी लावली होती. चाळीस वर्षं लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करणारा माणूस वेळ लावणार नाही तर काय करणार?

त्या सात मिनिटांच्या भरवशावर आज त्यांची सून शिवणशाळेत परीक्षेला बसली होती. शिक्षिकेची जागा एक आणि उमेदवार बारा. पहिला तास कापड बेतायचं नि कापायचं, पुढचे दोन तास शिवायचं. मधे जो उठेल त्याची परीक्षा तिथंच संपली.

"बाबा, तो रडलेला ऐकला तर मला राहवणार नाही हं. मी उठून येईन," दारात ती म्हणाली होती.

"तुझ्या कानावर येईलच कशाला? मी आहे ना!"

हे 'मी आहे ना' जरा जास्तच जोरात निघालं. घरी घड्याळजींचं टेबल आणि सुनेचं पायाचं मशीन एकाच खोलीत होतं. त्या खडखडाटात घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही म्हणून गेल्याच आठवड्यात त्यांनी मशीन मागच्या गॅलरीत हलवायला सांगितलं होतं. सून नुसतं "बरं" म्हणाली होती. ते "बरं" त्यांच्या मनाला अजून टोचत होतं.

शाळेचं आवार मोठं होतं. परीक्षेच्या खोलीपासून सगळ्यात लांबचं, झाडाखालचं बाकडं त्यांनी हेरलं. पहिला तास मजेत गेला. पिटू झोपला, उठला, ओला झाला. बाकावर वर्तमानपत्र आणि त्यावर दुपटं पसरून घड्याळजींनी त्याचा लंगोट बदलला, तोही पहिल्या फटक्यात. आता अकरा वाजले की दूध, की झालं, असं म्हणून त्यांनी बाटली थर्मासमधल्या गरम पाण्यात उभी केली.

अकरा वाजले. पिटूनं बाटली तोंडात घेतली, दोनदा चोखली आणि अशी थुंकली की जणू कोणी त्याला फसवलं होतं.

घड्याळजी वैतागले नाहीत. उलट त्यांचे डोळे चमकले. काल चालणारी वस्तू आज बंद पडते, म्हणजे काल आणि आज यांत काहीतरी फरक आहे, आणि तो एका वेळी एकच गोष्ट बदलून शोधायचा, हा त्यांचा आयुष्यभराचा खाक्या होता. दूध जरा कोमट केलं. नाही. बाटलीच्या बोंडाचं भोक उजेडात धरून पाहिलं, स्वच्छ होतं. उजवा हात सोडून डावा घेतला. नाही. घरी तोंड भिंतीकडे असतं म्हणून झाडाच्या खोडाकडे तोंड करून बसले. फाटकावर बसणाऱ्या बाई हे सगळं टक लावून बघत होत्या.

"आजोबा, झाडाशी बोलताय की काय?"

"काल प्यायला हो! आज काय बिनसलंय तेवढं कळू दे."

"भूक लागली की पिईल."

पण पिटू भुकेनं लालबुंद झाला होता आणि तरी पीत नव्हता. त्यांनी मनगटावरचं घड्याळ त्याच्या कानाशी धरलं, कारण घड्याळजींच्या नातवाला टिकटिक आवडणारच, अशी त्यांची खात्री होती. पिटूनं भोकाड पसरलं. आता मात्र त्यांनी घाईघाईनं परीक्षेच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. हा आवाज खिडकीपर्यंत गेला तर सून उठणार, आणि आपल्या "मी आहे ना"ची शोभा होणार. नुसती शोभा नाही, पोरीची जागा जाणार.

आणि पिटू मधेच गप्प झाला. मान वळवून शाळेकडे पाहायला लागला.

घड्याळजींनी कान टवकारले. आत शिवणकाम सुरू झालं होतं, आणि मशीनचा आवाज अगदी बारीक येत होता. ते उठून फाटकाकडे गेले. आवाज विरला, पिटू रडायला लागला. परत आले, तो थांबला. खात्री करायला पुन्हा एकदा गेले आणि आले. मग त्यांनी कपाळाला हात लावला. काल ते दूध पाजत होते तेव्हा सून शेजारीच परीक्षेचा सराव करत होती. पिटू जन्मल्यापासून त्याच खडखडाटात पीत आला होता, आणि आपण दुधाचा गरमपणा मोजत बसलो!

पण बाकापर्यंत येणारा आवाज पिटूला पुरेना. बाटली दिली की तो कुरकुरे. जवळ जायला हवं होतं, म्हणजे थेट खिडकीखाली. तिथं तो रडला तर सगळंच आटोपलं. घड्याळजी क्षणभर घुटमळले, मग श्वास रोखून गेले आणि भिंतीला टेकून खाली बसले. बाटली तोंडाला लावली.

पिटू प्यायला लागला.

बारा मशीनं चालली होती, पण त्यांतलं सुनेचं कुठलं ते घड्याळजींनी लगेच ओळखलं. तीन टाके सावकाश, मग एकदम धाव. दोन वर्षं ज्याच्या नावानं बोटं मोडली तो आवाज त्यांना पाठ झाला होता. अर्धी बाटली संपवून पिटू झोपला. तासाभरानं उठला आणि राहिलेलं मागू लागला, तेव्हा आत एकेक मशीन थांबत होतं. सहा, चार, दोन. मग सुनेचंही थांबलं. पिटूनं बोंड सोडलं, ओठ काढले आणि एकदाच कुरकुरला.

संपलं, असं घड्याळजींना वाटलं. आता खुर्ची सरकल्याचा आवाज येणार.

आला तो मशीनचा. तीन टाके सावकाश, मग एकदम धाव. पण आवाज कोरडा होता, सुईखाली कापड नसल्यासारखा.

"अहो, शिवून झालंय ना तुमचं? मग रिकामं मशीन का चालवताय?" आत परीक्षक बाईंनी विचारलं.

"जागेवरून उठायचं नाही एवढंच सांगितलंय ना बाई," सून म्हणाली. तिचा पाय मात्र थांबला नाही.

परीक्षक बाई खिडकीशी आल्या आणि त्यांनी खाली वाकून पाहिलं. घड्याळजींनी हात जोडले, म्हणजे एकच हात वर केला, कारण दुसऱ्यात बाटली होती. बाई खिडकीपासून मागे सरल्या. मशीन घंटा होईपर्यंत चालू राहिलं.

बाहेर आल्यावर सुनेनं आधी पिटूला घेतलं, मग रिकामी बाटली पाहिली, आणि रडू लागली.

"निकाल लगेच लावला, बाबा. मला घेतलंय. सोमवारपासून यायचंय." तिनं डोळे पुसले. "ते मशीन मी उद्याच गॅलरीत हलवते."

"खबरदार!" घड्याळजी म्हणाले. "ते माझ्या टेबलाशेजारीच राहील. आणि सोमवारच्या आत मला ते पायानं चालवायला शिकव. दोरा नको घालूस, नुसतं चालवायला."